मार्गे पांदण

संघपाल निमगडे यांचा अपमान झाला तो त्यांच्याच घरभरणीत, त्यांच्याच मंडपात, त्यांच्याच घरची बुंदी खाता खाता. करणाराही परका नव्हता. सख्ख्या बहिणीचा दीर होता तो, जांभळीचा दसरू.

एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात काढून संघपाल निवृत्त झाले आणि करंजटोल्याला, आपल्या मूळ गावी, त्यांनी स्लॅबचे घर बांधले. समोर ओसरी, ओसरीला जाळी, जाळीला रंग. सगळा गोतावळा आला होता. एकटी मोठी बहीण बायनाबाई तेवढी आली नव्हती, आणि ती येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. बायनाबाईला गाडी लागते. आता गाडी अनेकांना लागते. लिंबू हुंगतात, खिडकीशी बसतात, निभावून नेतात. बायनाबाईचे तसे नाही. तिला नुसता डिझेलचा वास आला तरी पोटात ढवळते. एकदा संघपालांनी हट्टाने तिला आपल्या डेपोच्या गाडीत, अगदी ड्रायव्हरमागच्या सीटवर बसवले होते. त्या गाडीचा कंडक्टर पुढे बरीच वर्षे संघपालांशी कामापुरतेच बोलत असे.

तर पंगत बसली असताना दसरू सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "संघपालभाऊ, तुमी जिंदगीभर माइकवर बसून दुनियेले रस्ता सांगतला. आपल्या बहिनीले घरापावतर एक रस्ता नाई देता आला जी?"

मंडप हसला. बुंदी तोंडात असलेले लोकही हसले, ते संघपालांच्या जास्त मनाला लागले. त्यांनी पाण्याचा जग खाली ठेवला, घसा खाकरला आणि ज्या आवाजाने एके काळी फलाटावरच्या शेळ्यासुद्धा बाजूला होत, त्या आवाजात जाहीर केले, "चौदा एप्रिलच्या जयंतीले माही बाई ह्या घरी येईन. पायी येईन. पांदणीनं येईन!"

माधवीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, वाढता वाढता कपाळाला हात लावला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही अजून धड जळला नव्हता.

करंजटोला आणि जांभळी ही गावे अंगणातून हाक मारली तर ऐकू जावी इतकी जवळ नाहीत, पण भाकर बांधून निघावे इतकी लांबही नाहीत. डांबरी रस्त्याने मात्र आधी धानोऱ्याच्या बाजूला जावे लागते आणि तिथून भलामोठा वळसा घालून परत यावे लागते. पूर्वी हा वळसा कोणी घेत नसे, कारण मधून पांदण होती. दोन्हीकडे शेतांचे धुरे, म्हणजे बांध, आणि मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी वाट. बायनाबाई लग्नानंतर माहेरी यायची ती याच वाटेने. भाजी चुलीवर ठेवून निघाली तर माहेरी पोचेपर्यंत तिकडे ती शिजलेली असे, असे ती सांगायची. भाजी करपायची, हे तिचा नवरा सांगायचा.

तिच्या लग्नात वडिलांनी तिला आंदण दिले होते ते म्हणजे तांब्याची एक गुंडी, एक शेळी आणि शिवेवरच्या जोडमोहांपैकी जांभळीकडचे झाड. करंजटोल्याकडचे दुसरे झाड मुलासाठी राखले. या भागात मोहाचा हिशेब जमिनीपेक्षा वेगळा. शेत एकाचे, त्याच्या धुऱ्यावरचा मोह दुसऱ्याचा, असे सर्रास असते. आणि मोहाची फुले पडायला लागली की झाडाच्या धन्याला कोणी अडवत नाही, कारण अडवणाऱ्याचेही एखादे झाड तिसऱ्याच्या शेतात उभे असतेच. संघपालांनी मात्र नोकरी लागल्यापासून आपले झाड डोळ्यांनीही पाहिले नव्हते. टेबलखुर्चीवरच्या माणसाने डोक्यावर टोपली घेऊन मोह वेचावा हे त्यांना शोभत नव्हते. शिवाय मोह म्हटले की लोकांना दारूच आठवते, आणि ते डोळा बारीक करून 'काय साहेब, घरचीच का?' असे विचारतात, ते निराळे.

पांदणीचे पुढे काय झाले? काही झाले नाही, हेच झाले. दरवर्षी प्रत्येक धुऱ्यावरच्या नांगराने एक-एक तास आत घेतला. बैलगाडीची वाट सायकलची झाली, सायकलची बकरीची झाली. मग धनराज चुधरी या करंजटोल्याच्याच शेतकऱ्याने मधली शेते दोन्ही बाजूंनी विकत घेतली, मध्ये उरलेली बकरीची वाट वखरून टाकली आणि रानडुकरांसाठी सभोवार झटका मशीनची तार ओढली. तेव्हापासून बायनाबाई माहेरी आली नव्हती. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे भाऊ, आणि भाऊ तारेच्या पल्याड. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या जातीने आणखी किती वर्षे वाट उघडायची वाट पाहायची? हा प्रश्न संघपालांना रात्री झोपू देत नसे. दिवसा दसरू आठवे.

सल्ले देणाऱ्यांची वाण पडली नाही. शेजारचे श्रावणभाऊ गेडाम तर दुसऱ्याच दिवशी स्वतःची खुर्ची घेऊन ओसरीत आले.

"उपोषनाले बसा तुमी," ते म्हणाले. "ऐन पांदणीत बसा."

"पांदण राह्यली कुठी? अन् तिथी बसलो त पाह्यन कोन मले?"

"वाघ पाह्यन," आतून माधवीबाई म्हणाल्या.

श्रावणभाऊंनी थोडा विचार केला. "मंग मयत काढा. मयतीले कोनाचा बाप अडवत नाई."

"कोनाची काढू?"

श्रावणभाऊंनी संघपालांकडे नीट निरखून पाहिले आणि चहा पिऊ लागले. पुण्याहून मुलगा धम्मदीप फोनवर म्हणाला की, बाबा, मोबाइलच्या नकाशावर तिथे रस्ताच दिसत नाही. नकाशा कधीचा आहे, असे संघपालांनी विचारले. रोज बदलतो म्हणे. "मंग उद्या मी चालतो, परवा पाह्य," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सरकारी माणूस सरकारी माणसाचे ऐकतो, अशी संघपालांची समजूत होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून तलाठी कार्यालयात गेले. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण कामाला गेलेला माणूस अजून तलाठीच म्हणतो. इथल्या तलाठी दिव्या मॅडम तरुण, हुशार आणि अतिशय नम्र होत्या. नम्र माणसाकडून नकार मिळाला तर भांडताही येत नाही.

"काका, पांदणीची वहिवाट चालू आहे का?" त्यांनी विचारले.

"बंद आहे, म्हनून त आलो मॅडम."

"वहिवाट बंद असेल तर तिथे वाट आहे असं कसं म्हणता येईल?"

"बरं, चालू आहे समजा."

"चालू असेल तर तुमची तक्रार काय आहे?"

डेपोत संघपालांनी अनेक प्रवाशांना 'गाडी लेट आहे, पण वेळेवर आहे' असे सांगून वाटेला लावले होते. आज आपल्यालाही तसेच वाटेला लावत आहेत, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

"शिवाय," दिव्या मॅडम पुढे म्हणाल्या, "मधला पट्टा झुडपी जंगलात येतो. त्याचं तुम्ही वनविभागाला विचारा."

वनरक्षक सुनील गावातल्या पानठेल्यावरच भेटला. त्याने झुडपी जंगल महसुलाकडे आहे असे सांगितले. मॅडम वनाकडे म्हणतात, असे सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग बरोबरच असन." वादात पडायचा त्याचा स्वभाव नव्हता. एक गोष्ट मात्र त्याने अगदी कळकळीने सांगितली. "त्या पट्ट्यात वाघिणीचा फेरा आहे काका. एकट्यानं जाऊ नोका. उजेडात जा, चार-सहा जनाइनं जा अन् आवाज करत जा. माणसाचा आवाज आला का ते सोताच बाजूला होते."

आवाज! संघपालांच्या अंगावर मूठभर मांस चढले. आवाज या एका बाबतीत त्यांना उभ्या जिल्ह्यात तोड नव्हती.

वहिवाट हवी ना? मग आपणच चालायचे. वाट चालल्याने होते. होळी उलटून गेली होती, धान कधीच निघाले होते, शेते मोकळी पडली होती. संघपालांनी पायात बूट घातले, डोक्याला टोपी, गळ्यात नोकरीतली शिटी आणि हातात लोखंडी दांड्याची छत्री घेतली. पंच म्हणून श्रावणभाऊ, आणि श्रावणभाऊंवर लक्ष ठेवायला त्यांची बायको बुधरीबाई. गावाबाहेर पडताच संघपालांनी दोन्ही तळहातांचा कर्णा केला आणि वाघिणीच्या माहितीसाठी घोषणा दिली, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! करंजटोल्याहून जांभळीला जाणारे प्रवासी निघाले आहेत!"

वाघीण बाजूला झाली असावी. निदान दिसली नाही. गावाची झाडून सगळी कुत्री मात्र मागे लागली.

पहिला पल्ला ठीक गेला. मग तार आली. संघपालांनी नियंत्रकाला साजेशा सावधपणे, हात न लावता, छत्रीच्या टोकाने तार वर उचलली. छत्री लोखंडी आहे हे त्यांना झटका बसल्यावर आठवले. ते 'आई गं' म्हणून मागे उडाले ते श्रावणभाऊंवर, श्रावणभाऊ त्यांना धरायला गेले तो दोघेही घसरत खालच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात. बोडीत पाणी कमी आणि चिखल भरपूर होता. काठावर उभ्या बुधरीबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते, ते रडण्याने नसावेत.

आवाज ऐकून धनराज काठी घेऊन धावत आला. त्याला वाटले डुक्कर अडकले.

"संघपालभाऊ? तुमी? अन् इथी काऊन?"

"मी पांदणीनं चाललो आहो," बोडीतून शक्य तेवढ्या ताठ मानेने संघपाल म्हणाले.

"कोनती पांदण? ह्या माह्या वावरात पांदण नाई. सात-बारावर नाई, जमिनीवर नाई."

"होती."

"होती त माह्या आजोबाच्या तोंडात दातबी होते." धनराजने हात देऊन दोघांना वर ओढले. "डुकरं एका राती अर्धं वावर लोळवून जाते भाऊ. भरपाईसाठी मी किती चकरा मारल्या, तुमाले काय मालूम? तार काढली त मी खाऊ काय? पुढं पाऊल टाकू देनार नाई म्हंजे नाई. अन् आता आले आहा त जेवल्याबिगर जाऊ नोका."

हा या मुलखाचा स्वभाव. भांडण वेगळे, भाकर वेगळी. धनराजची बायको सीताबाई हिने शेतावरच्या झोपडीत गरम भात आणि लाखोळीच्या डाळीचे वरण वाढले. शत्रूच्या घरी अन्न नाकारावे असा संघपालांचा बाणेदार विचार होता, पण वरणाला लसणाची फोडणी होती. जेवण झाल्यावर, चिखलाच्या माणसाला चालवत कसे पाठवायचे म्हणून, धनराजने त्यांना आपल्या ट्रॉलीत बसवले. धानोऱ्याला बियाणे आणायचे होते, म्हणून आधी धानोरा. अशा रीतीने पांदणीने निघालेले संघपाल निमगडे अंगभर चिखल आणि गळ्यात शिटी अशा थाटात धानोऱ्याच्या बसस्टँडसमोरून, डांबरी रस्त्याने, ट्रॉलीत उभे राहून घरी आले. स्टँडवरच्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने ओळखून नमस्कार केला. त्याच्या शेजारी चहा पीत दसरू उभा होता.



तलाठी कार्यालयात संघपालांनी दिलेल्या अर्जावर स्थळपाहणी मात्र लागली. महसूलचे साहेब जीपने आले. जीप पांदणीत जाईना, कारण जीप जाईल अशी पांदण नव्हती. आणि उन्हात उतरून चालावे, तर कशावरून चालावे? तेव्हा पाहणी डांबरी रस्त्यावरूनच झाली आणि 'प्रत्यक्ष पाहता रस्ता आढळून आला नाही' असे लिहून झाले. साहेबांना सरबत संघपालांनीच पाजले होते. लिंबूही घरचेच होते.

आता चौदा एप्रिलला फार दिवस उरले नव्हते. ओसरीत खुर्ची टाकून बसले की येणारा-जाणारा विचारी, "काय भाऊ, झाली का पांदण?" संघपालांनी खुर्ची मागच्या अंगणात नेली. हार मानावी का? त्यांनी मनाशी तसे म्हणून पाहिले, पण ते वाक्य काही केल्या पुरे होईना. मग बहिणीला फोन करून निदान खरे काय ते सांगावे म्हणून त्यांनी भल्या सकाळी फोन लावला. फोन भाच्याने घेतला.

"माय घरी नाई मामा. मोहाले गेली."

"कोनत्या मोहाले?"

"त्याच. आजोबानं देल्लेल्या. शिवेवरच्या."

संघपाल खुर्चीत सरळ झाले. शिवेवरचा मोह म्हणजे धनराजची तार. दुपारी त्यांनी पुन्हा फोन लावला. "बाई, तू तिथी जातेस कशी? धनराज अडवत नाई?"

"मोहवालीले कोन अडवन रे?" बायनाबाई म्हणाली. "सोता तार काढून देते थो. परवा त पाणीबी आनून देल्लं."

"मंग तशीच पुढं काऊन नाई येत माह्या घरी?"

ती म्हणाली, "मोहापावतर माहा हक्क आहे. त्याच्यापुढं दुसऱ्याच्या वावरातून चोरावानी कायले येऊ? मी दरसाली मोहापावतर येतो संघपाल. इकडची अर्धी वाट माही, ते मी कधी बुजू देल्ली नाई. तिकडची अर्धी तुही होती."

तिकडचे झाड तुझे होते, हे तिने बोलून दाखवले नाही. संघपालांना ते ऐकू आले. दोन्ही झाडे हातभर अंतरावर. फांद्या एकमेकींत गेलेल्या. एका झाडापर्यंत जांभळीकडून वाट अजून जिवंत, दुसऱ्यापर्यंत करंजटोल्याकडून ती कोणी तोडली? धनराजने नंतर वखरली. आधी एका माणसाने टोपली उचलायची लाज धरली होती. आणि आपण मात्र मॅडमना वहिवाट शिकवायला गेलो होतो!

"माधवी," त्यांनी आत हाक दिली, "टोपली आहे का घरी?"

"कायले?"

"मोह वेचाले चाललो."

माधवीबाई बाहेर आल्या, नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, एकही शब्द न बोलता टोपली आणून दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना निवृत्त वाहतूक नियंत्रक डोक्यावर टोपली घेऊन गावातून निघाले, तेही मागच्या गल्लीने नाही, मुद्दाम चावडीवरून. ओट्यावरच्या मंडळींपैकी एकाने डोळा बारीक केला. "काय साहेब, घरचीच का?"

"घरचंच झाड आहे!" संघपाल गरजले. "बाबाचं आहे! काही म्हनाचं आहे?"

मागे माधवीबाई, श्रावणभाऊ आणि बुधरीबाई, सगळ्यांच्या डोक्यावर टोपल्या. तारेपाशी धनराज उभा होता.

"आता काय संघपालभाऊ? आज छत्री नाई?"

"तार काढ. मोहावर चाललो. माह्या."

धनराज हसला. "तुमी कधी मोह वेचला जी?"

"झाड कधी विचारते का, का इतकी वर्षं कुठी होता म्हनून?"

"नाई काढत. तुमची चाल समजते मले. मोहाचं नाव, पांदणीचं गाव."

तेवढ्यात झोपडीतून सीताबाई बाहेर आली. तिच्याही हातात टोपली होती, आणि ती टोपली कुठे निघाली होती हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. सीताबाईच्या माहेरचा मोह श्रावणभाऊंच्या धुऱ्यावर उभा आहे. बुधरीबाईंनी नुसते एकदा सीताबाईच्या टोपलीकडे पाहिले आणि एकदा तारेकडे.

"काढा जी तार," सीताबाई नवऱ्याला म्हणाली.

"अवं, पण हे—"

"आज याइले अडवान, उद्या मले कोन सोडन? काढा म्हनतो ना!"

धनराजने मशीन बंद केली. तार निघाली.

मोह वेचणे हे काम दिसते तितके सोपे नाही. पहिल्या दिवशी संघपालांची पाठ धरली, दुसऱ्या दिवशी गुडघे, आणि तिसऱ्या दिवशी पाठ-गुडघे दोन्ही. त्यांनी वेचलेल्या मोहात निम्मी वाळली पाने असत. बायनाबाई आपल्या झाडाखालून ती पाहून तोंडात पदर कोंबून हसे. बहीण-भाऊ रोज सकाळी हातभर अंतरावर बसून वेचू लागले. ती आपल्या झाडाखाली, हे आपल्या. तिने घरून आणलेली शिळी भाकर अर्धी मोडून इकडे येई, इकडून थर्मासातला चहा तिकडे जाई. कोणीही शीव ओलांडली नाही. बायनाबाईचे म्हणणे, यायचे तर जयंतीला, ठरल्याप्रमाणे; मंडपात बोललेला शब्द आहे. मान काय फक्त नोकरीवाल्यांनाच असतो?

इकडे गावात गंमत झाली. संघपालसाहेब टोपली घेऊन जातात म्हटल्यावर, तुटलेल्या वाटेमुळे ज्यांनी आपापली लांबची झाडे सोडून दिली होती त्यांना ती आठवली. रोज उजाडताना दहा-पाच टोपल्या संघपालांच्या मागे निघू लागल्या. पुढे घोषणा, मागे माणसे. दबून दबून मातीवर एक पांढुरकी रेघ उमटली, ती दिसामासाने नव्हे, पायापायाने रुंद होत गेली.

चौदा एप्रिल उजाडला. निळ्या पताका लागल्या, संघपालांच्या घरापुढे पुन्हा मंडप पडला, वंदना झाली, आणि संघपाल पांढरा शर्ट घालून आपल्या मोहाखाली जाऊन उभे राहिले. पलीकडून बायनाबाई आली. पांढरे लुगडे, डोक्यावर टोपली, मागे मुलगा, सून, नातवंडे. आणि शिवेवर, दोन्ही झाडांमध्ये नव्याने ओढलेल्या तारेपाशी, मशीन चालू करून, धनराज.

"मोह सरला," तो म्हणाला. "दोन दिसापासून झाडाखाली काही नाई. सरला म्हंजे सरला. आता तार लागली."

खरेच होते ते. झाडाला तांबूस पालवी फुटली होती, खाली जमीन स्वच्छ होती. संघपालांचा चेहरा उतरला. मंडपातले लोक वाट पाहत होते. दसरू तर मोटारसायकलने रस्त्यामार्गे निघालाही होता, फजिती बघायला.

बायनाबाईने टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवला आणि धनराजला नखशिखांत न्याहाळले.

"बाप्पू, मोह सरला का काय पडते?"

धनराजने झाडाकडे पाहिले.

"टोळ पडते, मोहाचं फळ. टोळाचं तेल तुही मायबी काढत होती. टोळ सरले का मंग? पत्रावळीले पानं. पानं सरले का वाळल्या काड्या. झाड का चार दिसाचं पाहुनं आहे? बारा महिने उभं आहे थे. मी माह्या झाडाची धनी, हा त्याच्या झाडाचा धनी. आता आज ह्या टोपल्यात सुकलेला मोह आहे, अन् भावाच्या अंगनात ऊन चांगलं पडते, थिथी घालाले चालली. काढतं का तार, का तुह्या सीतीले हाक मारू?"

सीताबाईचे नाव निघताच धनराजने झोपडीकडे पाहिले. झोपडीच्या दारात सीताबाई उभीच होती.

"बारा महिने?" त्याने हताशपणे विचारले.

"बारा महिने," बायनाबाई म्हणाली.

"मंग डुकराइचं काय करू मावशी?"

"मूठ लाव तारेले. लाकडाची. येनारा काढन, येनारा लावन. उघडी टाकून जाईन त्याच्या पाठीत काठी घाल, मी सांगतो. माह्या भावाच्याबी घाल."

धनराज हसला. हसू नये असे त्याला वाटत असावे, पण हसला. त्याने मशीन बंद केली, तार आकड्यावरून काढली आणि बाजूला झाला. बायनाबाईने टोपली उचलली आणि शीव ओलांडली. संघपालांनी तिच्या डोक्यावरची टोपली घ्यायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "हात नोको लावू. हेच त माहं तिकीट आहे." डोळे पुसायला संघपालांना टोपीचा उपयोग झाला.

घरी पोचल्यावर तिने सगळे घर हिंडून पाहिले. स्लॅबवर थोपटून पाहिले, नळ उघडून पाहिला. मग म्हणाली, "घर चांगलं आहे. पन तोंड रोडाकडं काऊन केलं? मी त मांगून आली, मोरीतून." माधवीबाईंनी नवऱ्याकडे असे काही पाहिले की पुढल्या हिवाळ्यात मागे ओसरी होणार हे त्याच क्षणी ठरले. बायनाबाई जेवून, सुपारी कातरत बसली, तेव्हा कुठे दसरू पोचला. धानोऱ्याच्या अलीकडे त्याची मोटारसायकल पंक्चर झाली होती आणि त्याने ती बरीच ढकलली होती. तो घामाने निथळत होता.

"या जी," संघपाल अतिशय प्रेमाने म्हणाले. "रस्ता खराब होता का?"

मंडप हसला. या वेळी बुंदी तोंडात असलेल्यांचे हसू संघपालांना विशेष गोड वाटले.

ऊन कलायच्या आधी निघायला हवे होते. वाघिणीचा फेरा काही जयंतीची सुट्टी घेत नाही. सगळे गाव मागच्या अंगणात गोळा झाले. बायनाबाईने रिकामी टोपली डोक्यावर घेतली. संघपाल पुढे झाले, तळहातांचा कर्णा केला आणि डेपोतला जुना, खणखणीत आवाज काढला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! करंजटोल्याहून जांभळीला जाणारी गाडी—"

"गाडीचं नाव नोको घेऊ," बायनाबाई म्हणाली, "आताच जेवली मी."

संघपाल थांबले. आयुष्यभर तोंडात बसलेले वाक्य होते. त्यांनी ते तिथल्या तिथे दुरुस्त केले आणि शेतापलीकडे धनराजला, वाघिणीला आणि जमल्यास धानोऱ्याच्या कचेरीलाही ऐकू जावे अशा बेताने पुन्हा सुरू केले.

"करंजटोल्याहून जांभळीला जाणारी माझी बहीण, मार्गे पांदण, सुटत आहे!"

लांब शिवेवर धनराजने लाकडी मूठ धरून तार बाजूला केली.